मेलेल्या हीटरची आग

टेलरबाई आत आल्या आणि बसायच्या आधी त्यांनी खुर्चीवरची गादी उलटी करून पाहिली.

"शिवण उसवलीय," त्या म्हणाल्या. "जाताना टाके घालून देते. आधी माझं ऐका."

चिमटाबाईंना हे अशील तिथल्या तिथे आवडलं.

चिमटाबाई खाजगी तपासाचं काम करत. केसांत त्या पिनेऐवजी एक बारीक चिमटा खोचत, आणि बोलताना दुसरा काढत. नाव कशावरून पडलं याबद्दल दोन मतं होती. समोरच्या स्टुलावर दाजी बसले होते, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त झाल्यावर ते बायकोला कपडे वाळत कसे घालावेत हे शिकवू लागले, तेव्हा बायकोने त्यांना धाकट्या बहिणीकडे 'मदतीला' पाठवलं. मदत झाली होती, पण ती बायकोला.

"माझ्या खोलीला आग लागली," टेलरबाई म्हणाल्या. "हीटरने लावली. पण कंपनी म्हणते, तो हीटर आधीच मेलाय."

दाजींनी डोक्यावरची टोपी काढली.

"तसा नाही हो मेला!"

मग टेलरबाईंनी नीट सांगितलं. चाकांवरचा हीटर. उन्हाळ्यात गार हवाही द्यायचा, पण त्यांच्याकडे थंडीच जास्त, म्हणून सगळे त्याला हीटरच म्हणत. त्या जातीच्या हीटरची आतली तार तापून पेट घेते, असं कंपनीच्या लक्षात आलं. कंपनीने सगळे हीटर परत मागवले. मात्र न्यायला कोणी आलं नाही. 'प्लग काढा, तार कापा, कापलेल्या तारेसह हीटरचा फोटो पाठवा, नवा हीटर घरपोच मिळेल,' एवढंच कळवलं. फोटो पोचला की कंपनीच्या दफ्तरी तो हीटर मेला.

"खोलीला सील लागायच्या आधी जळलेल्या हीटरच्या मागचा नंबर कंपनीच्या बाईंनी बघितला आणि म्हणाल्या, हा तर कधीच नष्ट झालाय. जो नाहीच, तो पेटणार कसा?"

"तुम्ही कापली होती का तार?" दाजींनी विचारलं.

"माझा असता तर कापली असती ना! मी मालकांच्या मागे लागले होते. भाड्याच्या खोलीत ऊब देणं नियमाने मालकाचं काम आहे, नाहीतर तपासनीसाला बोलावते म्हटलं. पुढे एक दिवस मापं घेऊन परत येते, तर खोलीत हीटर. नावाची पट्टी खरवडलेली, पाठ भिंतीकडे."

"आत कोण येऊ शकतं?"

"तिघांकडे किल्ली आहे. दुपारी सासूबाईंचा डोळा लागला की दाराशी तोफ उडवली तरी त्या उठत नाहीत. म्हणून एक किल्ली घरमालकांकडे, एक वर राहणाऱ्या धाकट्या दिरांकडे, एक समोरच्या औषधवाल्यांकडे. त्या तिघांकडेही याच जातीचा हीटर होता."

"मग मालकांनीच ठेवला असणार," दाजी म्हणाले.

टेलरबाई पहिल्यांदाच हसल्या. "मालकांनी? अहो, ते केलेला नमस्कार परत मागतील. मला वाटलं भाऊजींनी दिला. मी आभार मानले, तर म्हणाले, त्यात काय वहिनी! आता म्हणतात, मी दिलाच नाही."

"आणि आमच्याकडे आज का आलात?"

"मालकांनी आणि कंपनीने मिळून कागद केलाय. मी इस्त्री चालू ठेवून गेले, म्हणून आग लागली. आज संध्याकाळी सही करायची. केली तर खोली जाईल आणि गणवेश शिवायचं कामही. पेटवणाऱ्या बाईकडे कापड कोण देणार? नाही केली, तर नष्ट झालेला हीटर घरात आणला म्हणून भाऊजींवर तक्रार."

"सही करणार?"

"हात तुटला तरी नाही. सासूबाई रोज दुपारी तिथेच झोपतात. त्या दिवशी माझ्या जावेशी भांडायला वर गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. भांडणाचे फायदे आम्ही तेव्हापासून रोज ऐकतोय."

चिमटाबाई उठल्या. "चला दाजी. डबा घ्या."

इमारतीच्या जिन्यात सूचना चिकटवल्या होत्या. 'जिन्यात बसू नये.' तिच्या वर, 'जिन्यात उभे राहू नये.' दाजी कसं थांबावं या विचारात पडले. तिसरी सूचना होती, 'सूचना वाचत वाट अडवू नये.'

सगळ्या सूचना पांढऱ्या चिकटपट्टीने लावलेल्या होत्या आणि प्रत्येक पट्टीचं एक टोक नखभर आत दुमडलेलं होतं. दाजींना राहवलं नाही. त्यांनी एक टोक ओढलं. रंगाचा पोपडाही न उडता अख्खी पट्टी हातात आली.

"काय सुरेख निघते गं!"

"परत लावा. मालक मोजत असतील."

तळमजल्यावरची खोली आग विझवणाऱ्यांनी बंद करून सील लावलं होतं, ते त्याच सकाळी निघालं होतं. आत सगळं काळं. कापड बेतायचं लांब टेबल अर्धं कोळसा झालं होतं. त्याला खेटून हीटर उभा होता, पुढून वितळून उघडा पडलेला. पोटातून फुटल्यासारखा.

इस्त्री खुंटीला टांगलेली होती, तिची तार तिच्याभोवती गुंडाळलेली.

"प्लग लावायची जागा?" चिमटाबाईंनी विचारलं.

"खोलीत एकच. शिलाईचं मशीन पायाचं आहे. इस्त्री लावायची तर हीटर काढा, हीटर लावायचा तर गारठ्यात गेलेली इस्त्री बघत बसा."

त्या एकुलत्या जागेत अजून एक प्लग बसलेला होता. अर्धा वितळलेला, पण कंपनीची खूण दिसत होती. त्यातून राखाडी रंगाची जाड तार वीतभर खाली लोंबत होती आणि ओल्या गोणपाटांच्या मागे शिरत होती.

"हीटर इतका टेबलाला चिकटून का ठेवलात?"

"तार पुरत नव्हती. तिथेच उभा केला तर जेमतेम पोचायचा. मी रोज गणवेशांचे गठ्ठे बाजूला सारायची."

"समोरच्या औषधवाल्यांकडे याच जातीचा होता ना? त्याची तार?"

"भली लांब. गल्ल्यापासून दारापर्यंत जायची."

चिमटाबाईंनी गोणपाट उचललं. तारेच्या दोन तुकड्यांना तिथे जोड दिलेला होता. जोडावर चिकटपट्टी गुंडाळलेली; धुराने काळी, पण शाबूत. टोक नखभर आत दुमडलेलं. त्यांनी केसांतला चिमटा काढून पट्टीला न दुखवता सगळी तार प्लगसकट सोडवली, रुमालात गुंडाळली आणि दाजींच्या डब्याकडे हात केला.

"अगं, त्यात माझं जेवण आहे."

"होतं. आणि हा डबा कोणालाही उघडू द्यायचा नाही. आत काय आहे तेही बोलायचं नाही."

"जेवणाबद्दल बोललं तर चालेल?"

धाकटे दीर गाडी चालवायला शिकवत. त्यांचा एकच दोष होता. कोणी कशाबद्दलही आभार मानले की ते स्वीकारत. पाऊस वेळेवर थांबला तरी 'असू दे, असू दे' म्हणत.

"वहिनी आभार मानत होत्या," ते मान खाली घालून म्हणाले. "कशाबद्दल ते मी विचारलं नाही. विचारलं की मजा जाते."

"हीटर आहे हे पुढे कळलं असेल ना?"

"कळलं. पण तोवर मी दोनदा 'त्यात काय' म्हणून बसलो होतो. आता दिला म्हणावं तर गुन्हेगार, नाही म्हणावं तर खोटारडा. वहिनींना काही होऊ नये, एवढंच बघा. माझं काय, मी आता चालत्या गाडीतून उतरू शकत नाही."

"तुमचा जुना हीटर?"

"रस्त्यात ठेवला आणि घणाने फोडला. सगळे जमले होते. टाळ्या वाजल्या."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"त्यात काय."

समोरचे औषधवाले आपल्या जुन्या हीटरवर बसून गोळ्यांची खोकी लावत होते. हीटर भिंतीत खिळ्यांनी पक्का केलेला होता आणि त्याची कापलेली तार बाजूला शेपटासारखी पडली होती.

"बसायला छान आहे," ते म्हणाले. "पेटवायला वाईट. वरच्या साहेबांनी त्यांचा फोडला, तेव्हा टाळ्यांत मीही होतो. मला वाटलं जादूचा प्रयोग आहे."

"तुमच्याकडे पांढरी चिकटपट्टी मिळते?"

"जखमेवरची? मिळते की. इमारतीत कोणाचं बोट कापलं तर मी तुकडा फुकट देतो. फुकट म्हटल्यापासून इथली बोटं फार कापायला लागलीत."

"कोणाची?"

"सगळ्यांचीच. मालकांची तर एकेका बोटाची पाळी ठरलेली आहे."

मालकांच्या खोलीत खिडकीशी चहाची वापरलेली पूड वाळत पडली होती. नवा हीटर कोपऱ्यात होता, अजून प्लास्टिकमध्ये.

"काढलं की जुना होतो," मालक म्हणाले आणि ऊन आत यावं म्हणून पडदा ओढला. पडदा राखाडी रंगाच्या जाड दोरीवर सरकत होता. दोरी अंमळ जास्तच जाड होती आणि तिला वीणच नव्हती.

"टेलरबाईंना हीटर तुम्ही दिलात का?"

मालक मनापासून हसले. "मी? मी आणि कोणाला काही देईन? खाली उतरा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारा."

दाजी खरंच उतरले आणि रस्त्यावरच्या तिघांना विचारून आले. एकजण हसून हसून खाली बसला होता.

"निर्दोष आहेत गं," ते दम खात म्हणाले. "इतकी भक्कम साक्ष मी आजवर ऐकली नाही."

"तुमचा जुना हीटर कुठे आहे?" चिमटाबाईंनी विचारलं.

"फेकला."

"कुठे?"

"फेकला म्हणजे फेकला. भंगारात. जुन्या वस्तूचा मोह नसावा माणसाला."

"खोलीत गेला होतात का, आगीनंतर?"

"सील होतं. आणि माझा जीव होत नाही हो, जळलेली वस्तू बघायला."

कंपनीच्या बाईंचं ऑफिस इतकं गार होतं की दाजींनी टोपी कानांवर ओढली.

"ग्राहकाचं नाव सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "फोटोही दाखवता येणार नाही. एवढं सांगते, असा आज्ञाधारक ग्राहक आम्ही पाहिला नाही. आम्ही तार एकदा कापा म्हटलं होतं. यांनी दोनदा कापली. तीन तुकडे ओळीने मांडले. आम्ही इतरांना नमुना म्हणून सांगतो."

"हीटर न्यायला गाडी का नाही पाठवलीत?"

"परत मागवणं ही प्रक्रिया आहे. हमाली नाही."

"आणि ज्याने फोटो काढून तार पुन्हा जोडली?"

"असं कोण करेल?" बाईंनी विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं, हे बघून दाजींना जास्तच थंडी वाजली.

संध्याकाळी सगळे जळलेल्या खोलीत जमले. धड राहिलेली एकच खुर्ची सासूबाईंनी घेतली होती. औषधवाले आणि दीर भिंतीला न टेकता उभे होते. कंपनीच्या बाईंनी टेबलाच्या न जळलेल्या अर्ध्यावर कागद ठेवला. मालकांनी पेन पुढे केलं, टोपण मात्र स्वतःच्या हातात ठेवलं.

"सही करून टाका," मालक म्हणाले. "उगाच ताणण्यात काय अर्थ आहे?"

"ताणलं नाही तर टाका बसत नाही," टेलरबाई म्हणाल्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"आधी इस्त्री बघू," चिमटाबाई म्हणाल्या. "ती खुंटीवर आहे. आणि खोलीत प्लगची जागा एक. तिच्यात मला कंपनीची खूण असलेला प्लग सापडला. हीटरचा. म्हणजे तेव्हा इस्त्री चालू असूच शकत नव्हती. मेलेला हीटर मात्र चालू होता."

कंपनीच्या बाई कागदाची कड सरळ करू लागल्या.

"आता तो कोणाचा ते बघू. या जातीच्या हीटरला लांब तार असते. इथल्या हीटरची मात्र टेबलाला चिकटवल्याशिवाय पुरत नव्हती. का? कारण ती दोनदा कापली गेली. बाईंचा आज्ञाधारक ग्राहक! त्याने मधला तुकडा काढून घेतला आणि उरलेले दोन एकमेकांना जोडले."

"मधला तुकडा कशाला काढेल कोणी?" दिरांनी विचारलं.

"चांगली मजबूत दोरी आहे, म्हणून. मालकांच्या पडद्याला विचारा."

सगळ्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी छताकडे पाहिलं.

"किल्ल्या तिघांकडे होत्या. भाऊजींचा हीटर भर रस्त्यात फुटला. औषधवाले त्यांच्या हीटरवर बसतात. एकच हीटर कोणाला दिसत नाही. मालक म्हणतात, तो मी फेकला. आता तुम्हीच सांगा, चहाची पूड वाळत घालणारा माणूस अख्खा हीटर फेकेल?"

"त्यांनी आजवर फक्त नजर टाकलीय," सासूबाई म्हणाल्या.

"वा वा!" मालकांचा आवाज चढला. "म्हणजे मी कंजूष आहे, म्हणून मी दिला? आणि मी कंजूष आहे, म्हणून मी देणार नाही, असं रस्ता सांगतो त्याचं काय? बाजारात राखाडी तार कोणालाही मिळते. पुरावा कुठाय?"

दाजींनी खाली बघत मान डोलावली. त्यांना हे पटलं होतं.

"पुरावा जोडाच्या आत आहे," चिमटाबाई म्हणाल्या. "दाजी, डबा."

डब्यातून रुमालाची गुंडाळी निघाली. ती त्यांनी तशीच झाकलेली टेबलावर ठेवली. "तारेचा जोड आहे. पट्टी गुंडाळलीय. आतल्या बाजूला जोडणाऱ्याच्या बोटांच्या खुणा असणार. टेलरबाई, कात्री द्या. पट्टी उभी कापते."

"माझी कापडाची कात्री चिकटपट्टीला?" टेलरबाई दचकल्या. "ही घ्या, कागदाची."

चिमटाबाईंनी रुमालाच्या आत कात्री घातली. पातं उघडल्याचा आवाज झाला.

"अहो, अहो!" मालक कळवळून पुढे झाले. "कापता कशाला? एवढी चांगली पट्टी! टोक दुमडून ठेवलंय, तिथून ओढा ना, अखंड निघेल!"

कात्री तिथेच थांबली.

चिमटाबाईंनी रुमाल हळूच उलगडला. काळी पट्टी, आणि तिचं नखभर दुमडलेलं टोक. मग त्या दारात गेल्या, जिन्यातली 'उभे राहू नये' ही सूचना घेऊन आल्या आणि शेजारी ठेवली. तशीच पट्टी, तसंच टोक.

"हा रुमाल मी आत्ता उलगडला," त्या म्हणाल्या. "तुम्ही आगीनंतर इथे आला नव्हता. मग टोक दुमडलंय हे कसं कळलं? पुढेमागे हीच पट्टी काढून सूचना चिकटवता येईल, असा विचार करून चालू तारेला जोड देणारा माणूस जगात एकच असू शकतो."

"बोटांच्या खुणा?" दाजींनी कुजबुजत विचारलं.

"मला काय ठाऊक? मी कधी पाहिल्या?"

मालक गोणपाटावर बसले. "नवा फुकट आला," ते म्हणाले. "पण जुना चालत होता हो. चालणारी वस्तू! आणि ह्या तपासनीस, तपासनीस म्हणत होत्या. म्हटलं, ह्यांनाही ऊब, मलाही शांती. नावाची पट्टी खरवडून ठेवला. मी चांगल्याच मनाने—"

"तो पेटतो हे तुम्हाला माहीत होतं," टेलरबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "तुमच्या खोलीत पेटेल म्हणून काढलात. आणि सासूबाई झोपतात तिथे ठेवलात."

सासूबाईंनी पहिल्यांदाच वर भांडायला जाण्याबद्दल काही म्हटलं नाही.

कंपनीच्या बाईंनी पिशवी बंद केली. "म्हणजे प्रश्न मिटला. जोड मालकांनी दिला. कंपनीचा दोष नाही."

"थांबा," चिमटाबाई म्हणाल्या. "जोड पेटला असता तर ही पट्टी उरली असती का? ती शाबूत आहे. फुटलंय ते हीटरचं पोट, आतून. तुम्ही सांगितलं होतं तिथेच, तसंच. जोड मालकांचा, पोट तुमचं."

"आमच्या नोंदीत तो हीटर नष्ट—"

"नोंद जळली नाही, बाई. खोली जळली. हीटर पेटतात हे ठाऊक असून तुम्ही फोटो मागितलेत, हीटर नाही. अशा किती तारा पुन्हा जोडल्या गेल्या असतील? किती सासूबाई आत्ता झोपल्या असतील?"

बाईंनी पिशवी पुन्हा उघडून दुसरा कागद काढला. तो आधीपासून तयार होता. "नवं टेबल. नवा हीटर. खोलीची रंगरंगोटी. फक्त ही गोष्ट या चार भिंतींत राहील, एवढी सही करा."

टेलरबाईंनी भिंतींकडे पाहिलं. एकीला मोठं भोक होतं, त्यातून रस्ता दिसत होता.

"सहीची फार हौस आहे तुम्हाला," त्या म्हणाल्या.

त्यांनी इस्त्रीचा कागद उलटा केला, मालकांच्या हातून पेन घेतलं आणि मग टोपणही घेतलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'तार कापून फोटो पाठवला म्हणजे हीटर मेला, असं नाही. कोणी जुना हीटर दिला असेल, तर आधी प्लग काढा, मग मागचा नंबर वाचा. तुमचा पेटला आणि कंपनी म्हणाली तो नाहीच आहे, तर माझ्याकडे या. तळमजला, जळलेली खोली. लगेच सापडेल.'

आणि खाली भलीमोठी सही ठोकली.

"घ्या. केली सही."

"इमारतीत परवानगीशिवाय सूचना लावता येत नाही," मालक गोणपाटावरून म्हणाले, सवयीने.

"कुठली पट्टी देऊ, वहिनी?" औषधवाले दुकानाकडे धावत निघाले. "रुंद देतो. बोट न कापता."

"मी धरतो कागद," दीर म्हणाले. "आणि वहिनी, आभार मानू नका. मी खरंच काही केलेलं नाही."

टेलरबाई जिन्यात गेल्या. तिथे बसू नये आणि वाचू नये, असं लिहिलं होतं त्याच्या बरोबर वर त्यांनी कागद लावला. चारी बाजूंनी पट्टी मारली आणि अंगठ्याने दाबून दाबून बसवली.

दाजींनी पुढे होऊन एक टोक ओढून पाहिलं. ते निघालं नाही.